छपराखालचं वाळवंट

शिंदखेड्याजवळच्या एका माळावर आमचं वाळवंट होतं. राजस्थानातली मटकी आपल्याकडे पाण्याशिवाय कशी तगते, हे बघायचा प्रकल्प होता आणि मी त्यावर संशोधन सहायक म्हणून नुकतीच लागले होते. पिकावर थेंबही पडू नये म्हणून रुळांवर सरकणारं प्लास्टिकचं छप्पर बसवलेलं. आभाळ भरून आलं की ते ढकलत मटकीवर न्यायचं, एवढंच माझं संशोधन.

त्या वर्षी नेमका पाऊस लागला. गाव खूश. आमचे सर तेवढे ढगांकडे बघून कपाळाला हात लावायचे. "हा पाऊस प्रकल्पाची वाट लावणार!"

छपरावरचं पाणी बांधापलीकडे शेजारच्या अक्कांच्या वावरात जाई. त्या भांडायला येणार, ही मला भीती. आल्याच, हातात कुदळ घेऊन.

"तुम्हले पानी नको शे ना? मंग बठ्ठं मन्हाकडे येऊ द्या," म्हणाल्या आणि चर खणून ते सगळं थेट आपल्या वांग्यांना लावलं.

शिवारफेरीला धुळ्याहून साहेब मंडळी आली. सरांनी त्यांना छपराखाली उभं करून मटकीच्या मुळांवर बराच वेळ भाषण दिलं. मटकी वीतभर होती, जिवंत होती. मंडळींचे डोळे मात्र बांधापलीकडच्या लठ्ठ, हिरव्यागार वांग्यांवर.

"तो कुठला प्लॉट?" एकानं विचारलंच.

सर घाईनं म्हणाले, "तो आपला तुलनेचा प्लॉट."

मटकीची तुलना वांग्याशी! मी मान खाली घातली. अक्का बांधावरच उभ्या होत्या.

"मन्हं वावर तुमनं कधय जायं?"

त्यांचं वावर सरांचं कधी झालं, हा प्रश्न साहेबांनाही कळला. ते हसले. सरही हसल्यासारखे झाले. अक्कांनी राग धरला नाही. टोपलीभर वांगी तोडली, कपाशीच्या काड्यांवर भाजली आणि सगळ्यांना भरीत-भाकरी वाढली. सरांनी दोनदा मागून घेतलं.

साहेबांच्या अभिप्रायात प्रकल्पातल्या वांग्यांचं कौतुक होतं, मटकीबद्दल अवाक्षर नव्हतं. सर काय समजायचं ते समजले. पुढच्या हंगामात नवा प्रकल्प मंजूर झाला: वाळवंटी परिस्थितीत भरताचं वांगं. रोपं आणायला मला अक्कांकडेच पाठवलं. त्यांनी ती निवडून, मुळाला ओली माती लावून दिली.

चार दिवसांनी त्या बघायला आल्या. छपराखाली रोपं माना टाकून उभी होती आणि मी त्यांची उंची मोजत होते.

अक्कांनी एका रोपाची मान बोटानं उचलून पाहिली, ती पुन्हा पडली आणि त्या मागे फिरल्या. आठवडाभर माझ्याशी बोलल्याच नाहीत.