साखरबाईच्या चाळणीवरचा आळ

जळोचीत वर्षाची ज्वारी भरायची म्हटलं की बायका साखरबाईला बोलावत. तीस वर्षं तिनं हेच केलं, आणि तीस वर्षांत कुणावर विश्वास म्हणून ठेवला नाही. मालकीण म्हणाली, ज्वारीला ऊन दिलंय, तरी ही चार दाणे दाताखाली धरी. खट्टदिशी फुटले तर खरं. चाळण स्वतःची आणायची आणि दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही.

आळ आला तो त्या चाळणीवरच. माधवीच्या ड्रममधल्या ज्वारीत सोंडे झाले. तिळाएवढा तो किडा, पुढं सोंड काढलेली, दाण्याला भोक पाडून आत बसणारा. साखरमावशीच्या चाळणीतनं आले, असं माधवीनं गल्लीभर सांगितलं. पावसाळा सरला की धान्य उन्हात घालून पुन्हा चाळतात. ते काम तीन घरांनी साखरबाईकडून परस्पर काढून घेतलं.

साखरबाई आगपेटी घेऊन माधवीच्या दारात उभी राहिली. आगपेटीत तिच्या घरच्या ज्वारीतले चार सोंडे होते, त्याच चाळणीखालचे.

"माज्या चाळणीतनं आलं आसतील, तर ह्येंच्यासारकंच आसतील. काढ तुजं."

माधवीनं ड्रममधले चार काढले. सगळे फरशीवर शेजारी ठेवले. मक्यातला सोंडा थोराड आणि ज्वारीतला बारका, एवढीच साखरबाईची पारख. हे तर सगळेच बारके. सख्खी भावंडं शोभावीत.

"बघा," माधवी म्हणाली. "मी काय खोटं बोलत होते?"

माधवीची नणंद प्राची शेतकी कॉलेजला होती. ती भिंग घेऊन आली आणि फरशीवर पालथीच पडली.

"तू वहिनीचीच बाजू घेनार," साखरबाई म्हणाली.

"मावशी, किड्याला कुठली आलीय वहिनी? आन् अंगलटीवर जाऊ नका. मक्यातला सोंडा ज्वारीत वाढला की बारकाच निघतो. दाणाच बारका, तर तो कशानं मोठा होईल? मान बघा त्याची."

साखरबाईनं एक डोळा मिटला. डोक्यामागं, ढालीसारख्या मानेवर, सुईनं टोचल्यासारखे खड्डे होते. आगपेटीतल्याच्या मानेवर मधोमध एक अरुंद पट्टी मोकळी, भांग पाडल्यासारखी. ड्रममधल्याला भांगच नाही. खड्डे सगळीकडं सारखे, आणि पाठीवरचे चार तांबूस ठिपकेही ठसठशीत. तिनं आठही किडे पुन्हा तपासले. मग प्राचीनं बोटानं काही लपवलं का, तेही बघितलं.

"हा मक्यातला वाटतोय," प्राची म्हणाली. "पण छातीठोक सांगायचं तर नराचं पोट फाडून आतलं बघावं लागतं."

"मग फाड की!"

"कॉलेजात. सोमवारी."

"सोमवारपातुर मी चोर व्हय? यंदा मक्याचा दाना माज्या चाळणीला लागल्याला न्हाय. तुमच्यात कुठं हाय मका?"

"आमच्या घरात मकाच नाही," माधवी म्हणाली.

उंबऱ्यात बसलेली तिची सासू द्वारकाबाई एवढा वेळ एक शब्द बोलली नव्हती. साखरबाईला तेच खुपलं. एरवी ही बाई गप बसणारी नव्हे. साखरबाईनं बाही वर सारली आणि ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घातला.

"आगं, नको नासाडी करू!" द्वारकाबाई उठलीच.

साखरबाईच्या हाताला गाठोडं लागलं. फडक्यात मक्याची सहा कणसं, दाण्यादाण्याला भोक. सोंडे तिच्या मनगटावर चढायला लागले.

"माज्या म्हायेरचं, वरकुट्याचं देशी बी हाय त्ये," द्वारकाबाई पुटपुटली. "ज्वारीच्या पोटात बी ऱ्हातं, माजी आई बी तसंच ठेवायची. बाहेर ठेवलं तर ही माधवी भाजून खाती."

"आत्या! आणि मी मावशींना नावं ठेवत बसले, तेव्हा का नाही बोललात?"

"इच्यारलं का तू?"

माधवीनं पदराला हात पुसले. "मावशी, चुकलं. उद्याच्याला चाळून देता का?"

"चाळनीचं मागनं बघू. आदी फोन लाव. काम काढल्याल्या तिघींना बी."

"लावते ना, संध्याकाळी निवांत..."

"आत्ता." साखरबाई फरशीवरच मांडी घालून बसली. "आन् तुजं एकटीचं बोलनं नको मला. पलीकडची काय म्हनती, त्ये बी ऐकू येऊ दे. आवाज मोटा कर."

माधवीनं फोन मध्ये ठेवला. पलीकडं रिंग वाजायला लागली तशी साखरबाईनं वाकून पडद्यावरचं नाव बघितलं, आणि प्राचीला खुणेनं विचारलं, तिचंच हाय का?