शेजारच्या ओट्यावरची मुलाखत

कोरेगावात आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. भर उन्हाळ्यातही शर्टाची वरची गुंडी लावलेली, आणि बोलणं संपलं की "क्लियर?" ठरलेलं. माझ्या मुलीला नोकरीच्या दोन मुलाखतींत नकार आला, तेव्हापासून ते रोज संध्याकाळी तिला ओट्यावर खुर्चीत बसवून प्रश्न विचारू लागले. सांगलीची मुलाखत जवळ आली होती, म्हणून मीही शेजारी बसायचो.

"आमी तुलाच का घ्यायचं?" ते दरडावून म्हणाले.

तिनं माझ्याकडं पाहिलं.

"तिकडं काय लिवलंय व्हय?" मग ते माझ्याकडं वळले. "आवं, तुमी घरात जावा. थोरांपुढं आपलं कौतुक सांगू न्हाई, हे तुमीच शिकवलं. आता ती तुमची परवानगी बघतीया. क्लियर?"

मला राग आला, तरी उठलो. आमच्या दाराआड उभा राहिलो. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग ती बोलू लागली आणि अडखळली नाही.

मुलाखतीला ती एकटीच गेली. संध्याकाळी तिचा पहिला फोन त्यांना आला.

"घेतलं पोरीला!" ते कुंपणापलीकडून ओरडले. त्यांच्या शर्टाची वरची गुंडी उघडी होती.