गालातली मशेरी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

बोईसरच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी ब्रदर आहे. वॉर्डात माझा आवाज चढला की नातेवाईक खाटेवरून उठून उभे राहतात. मला ते आवडायचं— आवडतं.

हिराबाई तारापूरकडची, बोंबील सुकवून विकणारी. छातीत कफ भरला म्हणून दाखल झालेली. तिची मशेरीची डबी मी सगळ्यांदेखत कचऱ्यात टाकली. म्हातारी म्हणाली, "मुडद्या, तुज्या आयशीनं कदी लावली नाय काय?" वॉर्ड खो-खो हसला. आणि माझी आई लावायची— तेच झोंबलं असेल का?

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तिची सून सुनंदा धावत आली. "ब्रदर, आईंचं तोंड वाकडं झालंय. बोलत पन नाय. बगा ना." गाल एका बाजूला ओघळलेला, ओठातून लाळ.

"दुसरी डबी आणलीस ना? आधी गालातली मशेरी थुंकायला सांग तिला."

या वेळी वॉर्ड माझ्या बाजूने हसला. सुनंदा आणखी दोनदा आली. हात उचलत नाय म्हणाली. "डबी बरी उचलते," मी म्हणालो.

मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. लकवा ओळखायला आम्हाला शिकवलेलं असतं. पण तपासलं आणि खरं निघालं, तर ते हसणं माझ्यावर उलटलं असतं— म्हणून नाही तपासलं.

चारला डॉक्टर राउंडला आले. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ टळून गेली होती.

"अकरापासून? मग पाच तास काय करत होतीस?" ते सुनंदावर ओरडले.

"ब्रदरला सांगितलं ना मी—"

"मला? कधी? खोटं नको बोलू."

कुंभवलीहून, कंपनीतून नुकताच आलेला तिचा नवरा शेजारी उभा होता. त्याने फक्त तिच्याकडे पाहिलं. सकाळी हसलेल्यांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही.

हिराबाई अजून अंथरुणात आहे. बोलत नाही. तपासणीला आणतात तेव्हा सुनंदाचा नवरा माझ्यासमोरच म्हणतो, "हिच्यामुळं झालं." सुनंदा सासूची लाळ पुसत राहते. मी कागद बघतो.

तिने मला अकरा वाजता सांगितलं होतं. तीनदा सांगितलं होतं. तिच्या नवऱ्यासमोर हे सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.