ओट्याची जाडी

दुकानामागच्या आवारात ग्रॅनाइटच्या फरश्या लोखंडी चौकटींना टेकून उभ्या होत्या. समोरून सगळ्या सारख्याच चकचकीत. "ताई, कडेनं बघा," दुकानदार म्हणाला. कडेनं पाहिलं, तर एक पोळपाटाएवढी जाड आणि शेजारचीच पाटीसारखी पातळ. "पातळ घेतलीत तरी पुढून खाली पट्टी चिकटवून देऊ. जाडच दिसेल, कुणाला कळणारसुद्धा नाही."

कुणाला कळणार नाही, याचीच मी धास्ती घेतली. सिंकसाठी दगड कापला की पुढे चार बोटांची कड उरते, आणि तडकला तर तो तिथेच तडकतो, हेही त्यानंच सांगितलं. आमच्या घरी नेमका तिथेच आईचा तळहात टेकतो. गुडघे गेल्यापासून ती स्वयंपाकघरात ओटा धरूनच चालते. ज्याच्यावर भार टाकतो, त्याची जाडी आपण कधी बघतो? भिंत, नोकरी, माणसं, सगळं समोरूनच तर पाहिलेलं असतं.

जाड फरशी पक्की करून मी घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. पट्टीचं, कापण्याचं, तडकण्याचं. ऐकून ती निर्धास्त होईल, अशी माझी समजूत.

"बरं केलंस," म्हणत ती चहा टाकायला उठली. ओट्याच्या कडेकडेनं सिंकपाशी आली आणि तिथे तिनं हात उचलला. आमचा जुना कडप्प्याचा ओटा इतकी वर्षं तिला पेलत आलाय. तरी तेवढी दोन पावलं ती काहीच न धरता चालली.