विहारातला मुका सिनेमा

वलगावच्या आमच्या विहारात मी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेते. बहुतेक मुली बारावी झालेल्या, काही दिवसभर कापूस वेचून थेट येणाऱ्या. विहारात जायचं म्हटलं की घरचे अडवत नाहीत. हाच वर्ग अमरावतीत भरवला असता, तर निम्म्या मुलींना उंबरठा ओलांडता आला नसता.

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. मोर्चा, परिषद, जाहीर निषेध. अक्षरओळखही मला त्यांच्या जाड मथळ्यांनीच करून दिली. म्हणून सुरुवातीला मी मुलींना हक्कांवरचे उतारे इंग्रजीतून वाचायला दिले. त्या माना डोलवायच्या, तोंड उघडायच्या नाहीत. इंग्रजी ही काही घरांची मिरास नाही, हे मी तावातावानं सांगायची. पण साहेबासमोर मान खाली घालणारी मुलगी माझ्यासमोरही तशीच बसत असेल, तर माझ्या तावाचं लोणचं घालायचं काय?

मग जयंतीच्या वर्गणीतून घेतलेला प्रोजेक्टर आठवला. अकोल्याच्या मैत्रिणीनं एक परदेशी सिनेमा पेन ड्राइव्हवर दिला. म्हातारा शिंपी आणि दूरच्या शहरात कामाला निघालेली त्याची लेक. आवाज बंद ठेवायचा आणि संवाद मुलींनी इंग्रजीत घालायचे, असं ठरलं. पहिल्याच संध्याकाळी तोंडं उघडली, ती मिटेनात.

गावात बोभाटा झाला, विहारात पिक्चर दाखवून राह्यले म्हणून. विहार समितीचे अध्यक्ष एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. सगळे त्यांना काकाजी म्हणतात. त्यांनी निरोप धाडला, रविवारच्या बैठकीत वर्ग बंद करण्याचा विषय आहे. मी रात्रीतून मुद्देसूद उत्तर लिहून काढलं. एक मुद्दा सुटू दिला नाही.

वर्गातल्या एका मुलीची अमरावतीच्या दवाखान्यात रिसेप्शनच्या जागेसाठी मुलाखत ठरली होती, इंग्रजीतून. ती म्हणाली, "ताई, वर्ग गेला त माय मले दुसरीकडे पाठवनार नाई. मंग मी इंग्रजी कोनासंग बोलू? म्हशीसंग?"

शुक्रवारी काकाजी स्वतःच पाहायला आले. दिवे बंद होते, दारात उभे राहिलेले ते कुणाला दिसले नाहीत. भिंतीवर शिंपी दुकान बंद करून घरात शिरत होता. त्याचा आवाज याच मुलीकडे होता. तिनं घसा खाकरला आणि जाड आवाजात म्हणाली, "जय भीम!"

आमच्याकडे आत येणारा माणूस पहिल्यांदा हेच म्हणतो. तिची जीभ सवयीनं वळली. कुणी हसायच्या आत दारातून खणखणीत उत्तर आलं, "जय भीम!"

भिंतीवरच्या गोऱ्या शिंप्याला काकाजींनी जवाब दिला होता.

सगळा वर्ग हसत सुटला. मी दिवे लावले. काकाजी क्षणभर ओशाळले, मग डाफरले, "हासता काय पोरीहो? जय भीम म्हनलं त जवाब द्या लागते."

"पन काकाजी, थो शिंपी कुठं ऐकून राहिला?" ती मुलगी म्हणाली.

"तू त ऐकून राहिली ना!" ते सतरंजीवर बसले. "काय म्हनते थो बुढा?"

"लेकीले जाऊ देत नाई म्हनते."

"काहून?"

"थे आमी अजून ठरवलं नाई."

"मंग मी सांगतो. बाहेरगाव, ओळख ना पाळख. रातची पाळी असन. कोन पाहीन तुले तिथं?"

झालं, काकाजी शिंपी झाले. ते वऱ्हाडीत विचारत, ती लेक होऊन इंग्रजीत उत्तर देई. आय विल फोन एव्हरी डे. संडे आय विल कम होम. प्रत्येक वाक्याचा अर्थ ते वसूल करून घेत आणि पुढचा प्रश्न आणखी कडक टाकत. एका जागी ती अडली. शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला. ती काकाजींकडे वळली. मग म्हणाली, "यू ड्रोव्ह द बस एव्हरीव्हेअर. आय वेंट नोव्हेअर."

काकाजींनी वर्गाकडे पाहिलं.

"काय म्हनलं हिनं?" कुणी सांगेना. मग तीच बोलली, "तुमी गाडी घेऊन सगळीकडे फिरले, काकाजी. मी कुठंच गेली नाई."

"शिंप्यानं गाडी कधी चालवली बाप्पा?" एवढंच म्हणून ते उठले, चपला घातल्या आणि गेले.

रविवारच्या बैठकीत मी कागद काढून सरसावून बसले होते. काकाजींनी मला बोलूच दिलं नाही.

"वर्ग राहीन," ते म्हणाले. "पिक्चर तेवढा बुद्धाच्या मूर्तीच्या बाजूनं नको. समोरच्या भिंतीवर लावा."

एक सभासद कुरकुरला, "पन काकाजी, विहारात पिक्चर म्हनजे..."

"अर्धा पाह्यला मी," काकाजी म्हणाले. "थे पोरगी जाते का नाई, थे त पाहू दे."