आजाऱ्याचं खाणं

आमच्या मावळात त्या काळी कुणी पाव घेऊन रस्त्यानं निघाला की समोरचा थांबून विचारायचा, "कोण आजारी हाय?" पाव तापकऱ्यानं दुधात कुस्करून खायचा. धडधाकट माणूस भाकरी खातो, तांदळाची नाहीतर नाचणीची. कामशेतच्या दवाखान्यात मी नर्स होते, आणि "भाकरी बंद, पाव-दूध द्या" हे डॉक्टरांच्या खालोखाल मीच दिवसभर बडबडत असे. असं असूनही माझ्या धाकट्या दिरानं कामशेतात बेकरी काढायची म्हटली, तेव्हा "काढ, मी आहे" असं सांगणारी पहिली मीच होते.

मी लग्न होऊन आले तेव्हा हा दीर शाळेत जायचा, त्यामुळे मी त्याला अरे-तुरे करायची. पुढे तो मुंबईला एका इराण्याच्या बेकरीत राहिला आणि त्याच्या हाताखाली चांगला तयार झाला. भट्टीपुढं उभं राहून त्याच्या हातांवरचे केस जळून गेले होते. परत आला तो स्वतःची भट्टी घालायची असं मनाशी धरूनच. लोणावळ्यात वाव नव्हता. तुंगार्लीच्या बंगल्यांना आणि बाजारातल्या हॉटेलांना एक जुनी बेकरी वर्षानुवर्षं पाव घालत होती, आणि बंगल्यांवरचे आचारी नव्या माणसाला फाटकाच्या आत घेत नव्हते. मग आम्ही दोघांनी डोकं चालवलं. कामशेतला आठवडी बाजार भरतो, स्टेशन आहे, भोवती गावं आहेत आणि पाव विकणारं कुणी नाही. जिथं कुणीच विकत नाही तिथं सगळं गिऱ्हाईक आपलं, असा आमचा हिशेब. कुणी का विकत नसेल, हे काही आमच्या मनात आलं नाही.

आमचे यजमान लोणावळ्याला लोकोशेडमध्ये होते. माणूस सरळ, पण रेल्वे सोडून जगात दुसरी नोकरी आहे हे त्यांना पटत नसे. त्यांनी साहेबांना सांगून भावासाठी खलाशाची, म्हणजे शेडमधल्या मदतनिसाची, जागा धरून ठेवली होती. दिवाळीपर्यंत भट्टी आपल्या पायावर उभी राहिली तर ठीक, नाहीतर पाडव्यानंतर निमूटपणे शेडमध्ये यायचं, असं ठरलं. दिरानं मान डोलावली. तो शेडमध्ये गेला असता, कामही नेटानं केलं असतं, पण पीठ फुगून आलेलं बघताना त्याचा चेहरा जसा उजळायचा तसा तो दुसऱ्या कशानंच उजळत नसे. तो चेहरा विझू द्यायचा नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

भाताच्या गिरणीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी पेटली. पहिल्या बाजारी तो ताजे पाव टोपलीत मांडून बसला. वास इतका सुंदर की बायका मिरच्या घ्यायच्या सोडून वळून बघत होत्या. लोक जवळ यायचे, बोटानं पाव दाबून बघायचे, चांगलाय म्हणायचे आणि पुढं जायचे. बाजार उठला तेव्हा टोपली जवळजवळ तशीच होती.

दिराला वाटलं, पावाचं पीठ पायांनी तुडवतात म्हणून जी आवई उठलेली असते तिचा हा परिणाम. त्यानं भट्टीचं दार सताड उघडं ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर हातांनी कणीक मळायला लागला. लोकांनी मजेनं पाहिलं आणि घेतलं काहीच नाही. मग तो पाव मोठा करू म्हणाला, मग कर्णा लावू म्हणाला. मी म्हटलं, थांब, मी गावात नेते. मला सगळी ओळखतात.

मला सगळी ओळखतात, हीच तर खरी पंचाईत होती. लस टोचायला बेडशाला गेले तेव्हा पिशवीत पाव घेतले आणि एका ओळखीच्या घरी, जिथं सगळी ठणठणीत होती, तिथं एक पाव मुद्दाम चव बघायला म्हणून ठेवून आले. पुढच्या बाजाराला त्या घरची सून दवाखान्यात आली. तिनं पदराखालून तो पाव काढून माझ्या टेबलावर आदळला. मी गेल्यानंतर आळीतल्या बायका एकामागून एक तिच्या सासूची चौकशी करायला आल्या होत्या. नर्सबाई घरात आल्या, पाव देऊन गेल्या, म्हणजे म्हातारीचं काही खरं नाही. दिवे लागायच्या सुमाराला नणदेला निरोप गेला आणि ती रडत माहेरी येऊन थडकली.

"बाई," सून म्हणाली, "आमच्या घरात काय कोन मरायला टेकलंय व्हय?"

मला हसू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग जास्त होता. सुनेवर नव्हे, माझ्याच अकलेवर. त्या दिवसापासून मी एक केलं. दवाखान्यात औषधाच्या रांगेत बसलेल्या बायकांना "पाव घ्याल का" हे विचारायचं सोडून दिलं. त्यावर सगळ्या हो म्हणतात, माझं मन राखायला. त्याऐवजी मी विचारू लागले, तुमच्या घरात पाव शेवटचा कधी आला होता? आणि मग एकेक गोष्ट निघायला लागली. आबांना विषमज्वर झाला तेव्हा. थोरलीला बाळंतपणात जेवण जाईना तेव्हा. एका म्हातारीनं सांगितलं की तिचा नवरा गेला त्या सकाळी त्यानं पावाचा शेवटचा घास तोंडात धरला होता, तो तसाच राहिला. तेव्हा मला कळलं की आम्ही पाव विकत नव्हतोच. आम्ही लोकांच्या दारात आजारपण घेऊन उभे राहत होतो, आणि वर घेत का नाहीत म्हणून रुसत होतो.

यजमानांना हे सांगितलं तर ते पोट धरून हसले. म्हणाले, मग दवाखान्याच्या दारातच दुकान मांडा. त्यांनी चेष्टा केली, पण श्रावण-भाद्रपदात तसंच झालं. तापाची साथ आली, दवाखाना भरला आणि भट्टी धडाडून चालली. दिराला हुरूप आला. एका संध्याकाळी तो हिशेब करत उत्साहानं म्हणाला की अशीच महिनाभर चालली तर दादाला तोंड दाखवता येईल. मी ताडकन उठले. "कशी चालली तर? माणसं आजारी पडली तर? मी दिवसभर त्यांचा ताप उतरवायचा आणि तू रात्री तो चढायची वाट बघायची?" त्यानं हिशेबाची वही मिटली. वाईट मुलगा नव्हता तो, पण गल्ल्यात पैसे यायला लागले की माणसाला असं सुचतं. नवरात्र आलं, ताप ओसरले आणि पावही ओसरला.

याच सुमाराला मी कान्ह्याला एका घरी बाळंतिणीला बघायला गेले होते. हळवी, लवकर येणारी भातं पिकून पिवळी झाली होती आणि त्या घरची कापणीची इर्जिक दोन दिवसांवर आली होती. इर्जिक म्हणजे सगळ्या आळीनं मिळून एकाचं शेत दिवसात उरकून द्यायचं आणि मालकानं त्यांना खाऊपिऊ घालायचं. घरची कारभारीण हैराण होती. दुपारच्या नि रात्रीच्या जेवणाचं तिनं जमवलं होतं. तिला घोर होता तो मधल्या चहाचा. दुपार कलताना शेतावर चहा न्यावाच लागतो, आणि कापून कापून भुकेजलेल्या माणसांपुढं नुसता चहा ठेवायचा तर घरची अब्रू जाते. पण पुन्हा भाकऱ्या थापायला हात कुणाचे आणायचे? घरातली सगळी बाईमाणसंही शेतातच. हे बोलता बोलता तिनं रात्रीची वाळलेली भाकरी मोडली आणि चहात बुडवून खाऊ लागली.

मी त्या घरातून निघाले ती जवळजवळ पळतच स्टेशनवर आले आणि गाडी धरून थेट भट्टीवर गेले. दिराकडं उरलेल्या पावाचे काप पुन्हा भट्टीत घालून कडक केलेले असत, इराण्याकडं शिकलेले. ते टोस्ट तो स्वतःच चहाबरोबर खायचा, विकायचा नाही. मी म्हटलं, हेच विकायचं. भाकरी थापायला वेळ नसतो त्या वेळचं खाणं.

तो चिडला. मी त्याला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. टोस्ट म्हणजे फुकट गेलेला पाव, इराणी तो नोकरांना द्यायचा, असं तो म्हणाला. मऊ पाव काढायला शिकण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली, ती काय शिळ्याचं दुकान काढण्यासाठी? त्यापेक्षा शेडमध्ये जाऊन कोळसा ओढलेला बरा.

"तुला पाव भाजायचाय, का माणसांना खायला घालायचंय?" मी विचारलं. "एक काय ते ठरव. पाव भाजायचा असेल तर दादाबरोबर जा, सुट्टीच्या दिवशी घरी भाज. मी कौतुकानं खाईन."

तो त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही. मीही बोलले नाही, मला काही कमी राग येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी भट्टीवर गेले तर तो चहाचे पेले मांडून त्यात काप बुडवत बसला होता. शिळ्या पावाचे काप चहात घातले की विरघळून तळाशी गाळ बसत होता. यासाठी पाव वेगळा हवा, तो माझ्याकडं न बघता म्हणाला, घट्ट, कमी फुगलेला, जरा गूळ घातलेला, आणि काप जाड. कमी फुगलेला हा शब्द त्याच्या तोंडून निघताना त्याला किती जड गेला ते मी पाहिलं. माझा जीव तुटला, पण मी तसं दाखवलं नाही. आम्ही बडीशेप घालून पाहिली, ती ठेवली.

इर्जिकीच्या दिवशी डॉक्टरांना सांगून मी दुपारची सुट्टी घेतली आणि आम्ही दोघं डबा घेऊन कान्ह्याच्या त्या शेतावर गेलो. माणसं कापणी थांबवून बांधावर येऊन बसली. कारभारणीनं चहा ओतला, दिरानं टोस्ट वाटले. सगळ्यांनी ते हातात घेतले, आणि कुणीच तोंडात घातले नाहीत. एकानं हुंगून पाहिलं. दुसऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी तिथं उभी होते ना, नर्सबाई.

त्यांच्यात एक आबा होते, आळीतले सगळ्यांत वडील, पण कापणीला पुढच्या ओळीत असणारे. त्यांनी मला सरळ विचारलं, हे पावाचंच न्हवं का? खोटं बोलावंसं एक क्षण वाटलं. मग मी म्हटलं, हो आबा, पावाचंच. दोनदा भाजलेला.

आबांनी टोस्ट चहात न बुडवता तसाच दाढेखाली धरला. कडाड् आवाज झाला. त्यांनी सावकाश चावला, गिळला, वर चहाचा घोट घेतला.

"हे आजाऱ्याला चावायचं न्हाई," ते म्हणाले. "हे कामकऱ्याचं हाय. खावा रं."

मग त्या बांधावर जे कडकड आवाज सुरू झाले, ते ऐकून दीर वळून दूर जाऊन उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. पुढच्या इर्जिकीचा मालक त्याच बांधावर बसलेला होता. त्यानं तिथंच सांगितलं, माझ्याकडंबी आना. आणि इर्जिकी एकीला लागून एक असतात. कान्ह्यातून टोस नायगावला गेला, तिथून पुढं. बायका त्याला टोसच म्हणायच्या. घरात पाव्हणा आला तर चहाबरोबर ठेवायला म्हणून त्या बाजारातून उघड्या टोपलीत टोस न्यायला लागल्या, आणि वाटेत कुणी त्यांना थांबवून काही विचारत नव्हतं.

तरी यजमानांची खात्री नव्हती. इर्जिकी संपतील, मग काय, असं त्यांचं म्हणणं, आणि ते अगदीच चूक नव्हतं. धनत्रयोदशीच्या दिवशी ते कामशेतला आले. साहेबांना संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. मी दवाखान्यात असल्यानं ते आणि टोसचा डबा घेतलेला दीर दोघंही तिथंच आले आणि व्हरांड्यात बाकावर बसले.

आत खाटेवर एक बाई होती. न्यूमोनियातून उठत होती, आदल्या दिवशीच अंगातला ताप पूर्ण निघाला होता. तिचा नवरा आला. त्यानं रीतीप्रमाणं पाव-दूध आणलं होतं. बाईनं पावाकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. नवरा घाबरून मला हाक मारायला लागला. बाईनं त्याला हातानं थांबवलं.

"ह्यो नगं," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण व्हरांड्यात ऐकू जाईल इतका होता. "मला टोस आन. पोरांस्नी दिसू दे मी बरी झाले ती."

नवरा पाव तसाच ठेवून टोस आणायला बाहेर निघाला, तेव्हा बाकावरून माझा दीर उठला आणि आपल्या हातातला डबा त्यानं त्याच्यापुढं उघडा धरला. मी दारात उभी होते. मला रडू आवरेना, आणि रोग्यांसमोर रडायचं नाही हा नियम मी त्या दिवशी मोडला. यजमानांनी टोपी घातली आणि साहेबांना दुसरा माणूस बघायला सांगतो, एवढंच म्हणून ते लोणावळ्याच्या गाडीला एकटेच गेले.