अक्कांची डुलकी

आमच्या घरमालकीणबाई, बसवनगुडीतल्या सगळ्यांच्या अक्का, बोलता बोलता झोपी जातात आणि जाग्या होतात त्या दुसऱ्याच देशात. "बर्फ थांबला का गं?" असं भर दुपारी मला विचारतात. मीही "थांबला, अक्का" म्हणते.

परराष्ट्र खात्यात बायका जवळजवळ नव्हत्याच, तेव्हा त्या रुजू झाल्या. बैठकीला गेल्या की समोरचे लोक त्यांच्या पाठीमागे बघत, साहेब कधी येतात म्हणून. पुढे परराष्ट्र धोरणावर त्यांनी जाडजूड पुस्तकं लिहिली. ती मला झेपत नाहीत. मला आवडते त्यांची कॉफी द्यायची रीत. दोन पाहुणे असले की दोन हातांनी दोन्ही पेले एकदमच ठेवतात. आधी कोणाला, हा प्रश्नच नको.

परवा शेजारचे दोघे भाऊ कुंपणावरच्या फणसावरून हातघाईवर आले. थोरल्याला झाड तोडायचं होतं, धाकट्याला राखायचं होतं. अक्कांनी दोघांना व्हरांड्यात बोलावलं, "स्वल्प कॉफी घ्या" असं कानडी वळणानं म्हणत दोन्ही पेले एकदम ठेवले आणि भांडण रंगात येताच खुर्चीत डोळे मिटले. भाऊ गोंधळले. अक्कांची झोप मोडू नये म्हणून कुजबुजत भांडू लागले. पण कुजबुजत फार वेळ भांडता येत नाही. आभाळ जांभळट होईपर्यंत ठरलंसुद्धा, थोरल्याच्या गच्चीवर येणाऱ्या फांद्या तेवढ्या छाटायच्या, झाड राहू द्यायचं.

ते गेल्यावर मी पावलं न वाजवता पेले उचलायला गेले. अक्कांचे डोळे मिटलेलेच होते.

"दोघं एकदमच उठले ना गं?" त्यांनी विचारलं.